जुन्या छपराची जबाबदारी कोणाची?

अमेरिकेतील बहुतेक घरांचे छप्पर ना कौलांचे असते, ना पत्र्याचे. काचतंतूंच्या पातळ चटईवर दोन्ही बाजूंनी डांबर आणि चुनखडीची भुकटी यांचा लेप, त्यावर दाबून बसवलेली रंगीत दगडी कणी, अशा ‘शिंगल’ नावाच्या पट्ट्या एकीवर एक चढवून खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. १९०३ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे हेन्री रेनल्ड्स या छप्पर-कंत्राटदाराने डांबरी गुंडाळ्या कापून अशा पट्ट्या करायला सुरुवात केली आणि लाकडी शिंगलना लागणाऱ्या आगींना कंटाळलेल्या विमा व्यवसायाने या नव्या वस्तूला पाठबळ दिले. स्वस्त, हलके आणि एका दिवसात बसवता येणारे हे छप्पर पंधरा ते तीस वर्षे टिकते. टेक्सास किंवा कोलोरॅडोसारख्या गारपिटीच्या पट्ट्यात ते त्याआधीच बदलावे लागते. उतरवलेले जुने शिंगल दरवर्षी एक कोटी टनांहून अधिक भरतात आणि त्यांतील फार मोठा वाटा आजही कचराभूमीत पुरला जातो.

गेल्या काही वर्षांत या उद्योगाने पुनर्वापराच्या घोषणांचा धडाका लावला आहे. शिंगल बनवणाऱ्या ओवेन्स कॉर्निंगने २०३० पर्यंत वर्षाला २० लाख टन शिंगलच्या पुनर्वापराचे लक्ष्य जाहीर केले आहे. दुसरी उत्पादक कंपनी जीएएफने २०२२ मध्ये लोकांच्या छपरांवरून उतरवलेल्या जुन्या शिंगलचा अंश वापरून नवे शिंगल तयार केल्याचे सांगितले. कॅनडात कॅल्गरी येथे नॉर्थस्टार या कंपनीने जुन्या शिंगलमधील डांबर, तंतू आणि खडी-वाळू वेगळी करणारा कारखाना उभारला आहे. या घोषणांवर जी चर्चा चालते तिचे दोनच सूर ऐकू येतात. एका बाजूला तंत्रज्ञान आले म्हणजे प्रश्न सुटला असे मानणारे आहेत, तर दुसऱ्या बाजूला पुनर्वापर हे निव्वळ ढोंग असून सगळे पुरून टाकणेच प्रामाणिकपणाचे आहे असे म्हणणारे. दोन्ही बाजू यंत्राबद्दल भांडत आहेत. माझ्या मते शिंगलचा पुनर्वापर शक्य आहे आणि तो व्हायलाच हवा. मात्र, शिंगल बनवून विकणाऱ्यांवर त्यांच्या मालाच्या शेवटाची कायदेशीर जबाबदारी टाकल्याशिवाय आणि गोळा केलेल्या मालाला निश्चित गिऱ्हाईक असल्याशिवाय तो होणार नाही. स्वेच्छेच्या संकल्पांवर तो सोडला, तर त्याचे काय होते हे टेक्सासमधील डॅलस शहराने पाहिले आहे.

जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण डॅलसमधील एका कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्तीच्या कडेला ब्लू स्टार रिसायक्लिंग या कंपनीने जुने शिंगल आणून टाकायला सुरुवात केली. ते दळून रस्त्यांच्या डांबरी मिश्रणात विकायचे, असा धंदा सांगितला गेला होता. माल येत राहिला, पण जाताना फारसा दिसला नाही. वर्षभरात तेथे सुमारे सहा मजली उंचीचा, एक लाख टनांहून अधिक वजनाचा ढीग उभा राहिला. त्याला लोक ‘शिंगल माउंटन’ म्हणू लागले. लगतच्या घरांमध्ये काचतंतूंची आणि दगडी भुकटीची धूळ जात होती. रहिवासी खोकला आणि श्वास लागण्याच्या तक्रारी करत होते. खटले झाले, २०१९ मध्ये कंपनीचे काम बंद पडले, ढीग मात्र तसाच राहिला. डिसेंबर २०२० मध्ये तो हलवायला सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २०२१ पर्यंत तो सगळा माल मॅकॉमस ब्लफ या शहराच्या कचराभूमीत नेऊन टाकण्यात आला. ही कचराभूमीही शहराच्या दक्षिण भागातच आहे. पुनर्वापराच्या नावाने आलेला माल शेवटी पुरला गेला, आणि तोही ज्यांनी त्याची धूळ तीन वर्षे सोसली त्यांच्याच भागात.

या घटनेतून पुनर्वापराच्या विरोधकांनी ‘पाहा, हे सगळे खोटे असते’ असा निष्कर्ष काढला आणि समर्थकांनी एका बेजबाबदार कंपनीला दोष देऊन विषय मिटवला. दोघांच्याही नजरेतून खरी गोम निसटली. आपल्याकडचा रद्दीवाला घरी येतो तेव्हा तो आपल्याला पैसे देतो. त्याची कमाई माल पुढे विकल्यावर होते, म्हणून जे विकले जाणार नाही ते तो उचलतच नाही. शिंगलच्या धंद्यात पैसा उलट दिशेने वाहतो. छपराचा कंत्राटदार ट्रक रिकामा करताना पुनर्वापर केंद्राला टनामागे शुल्क देतो. हे शुल्क कचराभूमीपेक्षा थोडे कमी ठेवले की ट्रकची रांग लागते. म्हणजे माल फाटकातून आत आला त्याच क्षणी कमाई झाली. पुढे तो दळणे, चाळणे, तपासणे आणि विकणे हा सगळा खर्चच. मग ज्याच्याकडे गिऱ्हाईक नाही त्याने ढीग वाढवत नेण्यात नवल काय? अशा व्यवस्थेत सज्जन माणूसही अडचणीत येतो, लबाडाला तर ती कुरणच ठरते. साठ्यावर मर्यादा, माल किती दिवसांत बाहेर गेला पाहिजे याची अट आणि धंदा बुडाल्यास सफाईचा पूर्ण खर्च भागेल एवढी हमीरक्कम आधीच घेणे, या तीन गोष्टी असत्या तर तो डोंगर दुसऱ्या मजल्यावरच थांबला असता.

आता विरोधकांच्या सर्वात भक्कम मुद्द्याकडे यावे. जुने शिंगल रस्त्यात घातले की रस्ते तडकतात, असे अनेक अभियंते सांगतात आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. छपरासाठीचे डांबर कारखान्यात गरम असताना त्यातून हवा फुंकून मुद्दाम कडक केलेले असते, म्हणजे ते उन्हात ओघळत नाही. त्यावर वीस वर्षांचे ऊन बसले की ते आणखी ठिसूळ होते. रस्त्याच्या डांबराला मात्र थंडीत आकसताना आणि चाकांखाली वाकताना थोडी लवचीकता लागते. शिवाय शिंगलमधील कडक डांबर हॉट मिक्स प्लांटच्या, म्हणजे रस्त्यासाठी खडी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या कारखान्याच्या, तापमानाला पूर्णपणे वितळून नव्या डांबरात मिसळेलच असे नसते. काही अंश नुसत्या काळ्या खडीसारखा राहतो. तो सगळा मिसळला असे गृहीत धरून नव्या डांबराचे प्रमाण घटवले, की मिश्रणात डांबर कमी पडते आणि दोन-चार हिवाळ्यांत रस्त्याला भेगा पडतात. काही राज्यांनी हा अनुभव घेतला आणि शिंगलवरील मर्यादा कडक केल्या, हे योग्यच झाले.

पण यावरून शिंगल रस्त्यात घालूच नयेत असे कसे ठरते? अनेक राज्यांची मानके मिश्रणाच्या वजनाच्या सुमारे पाच टक्क्यांपर्यंत शिंगल चालवून घेतात. अडचण बहुतेक वेळा घाईची आणि काटकसरीची असते. नवे डांबर मऊ प्रतीचे निवडणे, जुन्या डांबराचा पूर्ण हिशोब न धरणे, वरच्या थराऐवजी खालच्या थरात ते वापरणे आणि मिश्रणाची भेगा जाण्याबाबतची चाचणी घेणे, हे उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. प्रमाणाचाही विचार करा. अमेरिकेत वर्षाला ढोबळमानाने ४० कोटी टन डांबरी मिश्रण तयार होते. त्यात सरासरी तीन टक्के शिंगल गेले, तरी तो आकडा १ कोटी २० लाख टनांवर जातो. सगळ्या थरांत आणि सगळ्या राज्यांत ते जाणार नाही हे मान्य करून यातले निम्मे धरले, तरी ते आजच्या वापराच्या कितीतरी पट होते. रस्ते अपुरे पडत आहेत असे म्हणायला जागा नाही.

मग वापर वाढत का नाही? उलट तो घटला आहे. डांबरी रस्ते उद्योगाच्या सर्वेक्षणानुसार २०१४ मध्ये सुमारे २० लाख टन शिंगल रस्त्यांच्या मिश्रणात वापरले गेले. २०२० आणि २०२१ या वर्षांत तो आकडा सहा लाख टनांच्या आसपास आला. या घसरणीत मानके कडक झाल्याचा वाटा आहे, तसाच खनिज तेलाच्या भावाचाही आहे. २०१४ च्या मध्यापर्यंत पिंपाला १०० डॉलरच्या वर असलेले तेल २०१६ च्या सुरुवातीला ३० डॉलरच्याही खाली गेले. नवे डांबर स्वस्त झाल्यावर जुन्यातून ते काढण्याची गरज कोणाला उरणार? एक टन शिंगलमध्ये साधारण २०० किलो डांबर असते. ते मोकळे करण्यासाठी माल निवडावा लागतो, दळावा लागतो, चुंबकाने खिळे काढावे लागतात आणि बोटाच्या पेराहून बारीक चाळावा लागतो. दळताना धूळ बसावी आणि यंत्र तापू नये म्हणून पाणी मारावे लागते, पुढे तेच पाणी प्लांटमध्ये इंधन जाळून उडवावे लागते. उन्हाळ्यात दळलेला ढीग पुन्हा एकमेकांना चिकटून बसतो, म्हणून त्यात वाळू मिसळावी लागते. हा सगळा खर्च तेल महाग असताना परवडतो आणि स्वस्त झाले की परवडत नाही. ज्या व्यवस्थेचे भवितव्य तेलाच्या भावफलकावर ठरते तिला धोरण म्हणता येणार नाही.

उखडलेल्या रस्त्याच्या डांबराशी याची तुलना उद्बोधक आहे. १९७३ च्या तेलसंकटापूर्वी जुना डांबरी रस्ता उखडला की तो मलबाच मानला जाई. डांबर महागले, रस्ता खरवडणारी यंत्रे सुधारली आणि संघराज्य सरकारच्या महामार्ग प्रशासनाने राज्याराज्यांत प्रात्यक्षिके घडवून आणली. आज तो माल अमेरिकेत जवळजवळ संपूर्ण पुन्हा वापरला जातो, वर्षाला नऊ कोटी टनांहून अधिक. संकट सरले, तेल पुन्हा स्वस्त झाले, तरी हा वापर थांबला नाही. का? कारण तेथे मालक एकच आहे. रस्ता राज्याचा, त्यातून निघालेला माल राज्याच्या कंत्राटात आणि नवा रस्ताही त्याच खात्याचा. मानक ठरवणारे, माल देणारे आणि माल घेणारे एकाच टेबलावर बसतात. छपराच्या बाबतीत ही साखळी तुटलेली आहे. घरमालकाला जुने छप्पर लवकर नजरेआड व्हायला हवे असते, कंत्राटदाराला ट्रक संध्याकाळपर्यंत रिकामा हवा असतो, रस्त्याच्या ठेकेदाराला शुद्ध माल हवा असतो, आणि ज्याने ते शिंगल बनवले तो या साखळीत कोठेच नसतो.

छप्पर उतरवण्याचे काम जवळून पाहिले की हे ताबडतोब कळते. सकाळी सातला पाच-सहा जणांची टोळी येते, त्यांत बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले मजूर. दातेरी फावड्यांनी शिंगल खिळ्यांसकट उचकटून ते थेट खाली उभ्या असलेल्या भल्यामोठ्या लोखंडी पेटीत सरकवतात. त्याच पेटीत खालचा डांबरी कागद, फाटलेले प्लास्टिक, पत्र्याच्या पट्ट्या, कुजलेल्या फळ्या, नव्या मालाची वेष्टने आणि दुपारच्या जेवणाचे डबेही पडतात. संध्याकाळी अंगणात चाकांचे चुंबक फिरवून खिळे वेचले जातात आणि पेटी जाते. त्या पेटीतून पुनर्वापराला योग्य माल हवा असेल तर वर्गवारी छपरावरच व्हायला हवी. तेथील मजुराला मोबदला छपराच्या क्षेत्रफळावर मिळतो, वर्गवारीचे कोणी काही देत नाही. ‘लोकांत जागृती करा’ असे म्हणणाऱ्यांनी या पेटीकडे एकदा पाहावे. जागृतीने त्या मजुराच्या हाताला वेळ मिळत नाही.

ॲस्बेस्टॉसचा मुद्दाही टाळण्यासारखा नाही. जुन्या काळी काही शिंगलांत, त्यांखालच्या कागदांत आणि चिकटवणुकीच्या लेपांत ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसाला घातक तंतुमय खनिज वापरले जाई. जुन्या छपरावरच दुसरे छप्पर चढवण्याची पद्धत असल्याने ते आजही खालच्या थरात सापडू शकते. दळण्याच्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या फुप्फुसाचा हा प्रश्न आहे, म्हणून येथे ढिलाई नको. तरीही आजवरच्या तपासण्यांत अगदी थोड्या नमुन्यांतच ते आढळले आहे, आणि काळाबरोबर ते छप्पर कमी होत जाणार आहे. नमुने तपासणे आणि संशयित माल वेगळा ठेवणे हे त्यावरचे उत्तर आहे. सरसकट सगळे पुरून टाकण्याने तो कामगार सुरक्षित होतो असेही नाही, कारण छप्पर उचकटताना ती धूळ तशीही उडतेच.

पर्यावरणवाद्यांतील एक गट म्हणतो की पुनर्वापराच्या गप्पा म्हणजे विक्री चालू ठेवण्याची सोय आहे, खरा उपाय टिकाऊ छप्पर हाच. या म्हणण्यामागे इतिहास आहे. डबे-बाटल्यांच्या उद्योगाच्या पैशावर १९५३ मध्ये उभी राहिलेली ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था कचऱ्याचा दोष टाकणाऱ्याच्या माथी मारत राहिली. १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगाने आपल्या वस्तूंवर फिरत्या बाणांच्या त्रिकोणात आकडे छापायला सुरुवात केली आणि सगळे प्लास्टिक पुन्हा वापरले जाते असा समज पिढ्यान्‌पिढ्या रुजला. त्यामुळे शिंगल उत्पादकांच्या संघटनेने २०५० पर्यंत कचराभूमीत जवळपास काहीच न जाण्याचे ध्येय जाहीर केले, तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या यात गैर काही नाही. धातूचे किंवा पाटीच्या दगडाचे छप्पर दुपटी-तिपटीने टिकते हेही खरे. पण आज लक्षावधी घरांवर जे शिंगल आधीच बसलेले आहेत त्यांचे काय? उद्या सकाळी एकही नवे शिंगल विकले गेले नाही, तरी पुढची पंचवीस-तीस वर्षे ते उतरतच राहणार. टिकाऊपणाचा आग्रह नव्या घरांसाठी आहे. जुन्यांसाठी दुसरी व्यवस्था लागणारच.

ती व्यवस्था स्वेच्छेवर उभी राहते का, याचे उत्तर गालिच्यांच्या उद्योगाने दिलेले आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील गालिचा उत्पादक, काही राज्ये आणि संघराज्य सरकारची पर्यावरण संरक्षण संस्था यांनी करार केला की २०१२ पर्यंत ४० टक्के जुने गालिचे कचराभूमीपासून वाचवायचे. हेतू चांगला होता, संस्था स्थापन झाली, अहवाल निघाले. दहा वर्षांनी त्या लक्ष्याच्या जवळपासही पोहोचता आले नाही. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा केला आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चौरस यार्डावर छोटे शुल्क लावून त्यातून गोळा करणाऱ्यांना आणि पुन्हा वापरणाऱ्यांना पैसा दिला. तेथील प्रमाण देशाच्या तुलनेत बरेच वर गेले. तेथेही लक्ष्ये चुकली, वाद झाले, राज्याने दंडाची कारवाई केली. पण दंड करता आला, कारण बंधन होते. रंगाच्या उरलेल्या डब्यांसाठी ओरेगॉनने २००९ मध्ये अशाच धर्तीचा कायदा केला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तो उचलला. शिंगलच्या बाबतीत २०३० चे लक्ष्य चुकले तर त्या कंपनीला कोण जाब विचारणार आहे? आज तरी भागधारकांशिवाय कोणीही नाही.

छप्पर महागेल, असा शेवटचा आक्षेप येतो. तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण घराचे छप्पर ही चैनीची वस्तू नाही. मध्यम आकाराच्या घराचे छप्पर अडीच हजार चौरस फुटांचे धरले, तर त्यावरील शिंगलचे वजन अडीच ते तीन टन होते. टनामागे ४० डॉलर शुल्क नव्या शिंगलच्या विक्रीतच वसूल केले, तर घरमागे १०० ते १२० डॉलर पडतील. छप्पर बदलण्याचा खर्च आज १२ ते १५ हजार डॉलरच्या घरात असताना ही वाढ एक टक्क्याच्या आसपास आहे. आणि आज हा खर्च होत नाही असे थोडेच आहे? डॅलसमध्ये तो डोंगर हलवण्याची लाखो डॉलरची किंमत शहराच्या तिजोरीतून आणि ढीग असलेल्या जागेच्या मालकाकडून वसूल झालेल्या रकमेतून गेली, आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याची किंमत तर कोणी मोजलीच नाही. खर्च दोन्हीकडे आहे. फक्त आज तो ज्यांच्या घरावर ते छप्पर कधी नव्हतेच त्यांच्याकडून घेतला जातो.

शुल्कातून जमलेला पैसा कोठे द्यायचा, हाही मोलाचा प्रश्न आहे. माल आत घेतल्याबद्दल एक पैसाही देऊ नये. तपासणीत उतरलेला माल प्रत्यक्ष विकला गेल्यावर, रस्त्यात किंवा नव्या शिंगलमध्ये गेल्याच्या पावतीवरच तो द्यावा. छपरावर वर्गवारी करणाऱ्या टोळीला त्याचा हिस्सा मिळावा. राज्यांच्या परिवहन खात्यांनी चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्या मिश्रणांना निविदेत जागा द्यावी, कारण रस्त्याचा सर्वात मोठा गिऱ्हाईक सरकारच आहे. व्हर्माँट राज्याने २०१४ मध्ये केलेला कायदा येथे उपयोगी पडतो. ठरावीक प्रमाणाहून अधिक कचरा निघणाऱ्या मोठ्या बांधकामाचे शिंगलसह काही साहित्य, घेणारे केंद्र ठरलेल्या अंतरात असल्यास, तेथे पाठवणे त्याने बंधनकारक केले. केंद्र नसेल तर सक्ती नाही, ही त्यातील समंजस तरतूद आहे. तिच्यामुळे सक्ती आणि सोय बरोबरीने वाढतात.

टेक्सासमधील प्लेनो, फ्रिस्को किंवा न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणारी मराठी कुटुंबे गारपिटीनंतर किंवा घर जुने झाल्यावर या व्यवहारात उतरतात. छताचे कंत्राट सही करताना जुना माल कोठे जाणार, असे लेखी विचारायला हरकत नाही, पण बहुतेक शहरांत त्याचे उत्तर ‘कचराभूमीत’ असेच मिळेल. म्हणून आपल्या आग्रहाची जागा राज्याचे विधिमंडळ ही आहे. उत्पादक-शुल्काचा कायदा व्हायला वर्षे लागतील, उद्योग विरोध करील, मसुदे बदलतील. साठ्याची मर्यादा, माल बाहेर जाण्याची मुदत आणि सफाईपुरती हमीरक्कम यांसाठी मात्र नवे तंत्रज्ञान लागत नाही आणि घरमालकावर थेट शुल्कही पडत नाही. नगरपालिकेच्या परवान्यात आणि राज्याच्या नोंदणीत त्या अटी येत्या अधिवेशनातही घालता येतात, आणि सुरुवात तेथूनच व्हायला हवी.